शनिवारवाड्यातली हाक : भूत, कागद आणि न्याय

आबिड्स, सुलतान बाजार, कोठी, काचीगुडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांपैकी फार थोड्यांचे मूळ पुण्याचे आहे. बहुतेकांचे पूर्वज नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद किंवा बिदर या बाजूंनी निजामाच्या राजधानीत आले. कोणी वकिलीसाठी, कोणी मुलकी खात्यातल्या नोकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी. पुण्याशी आपला संबंध पुस्तकांतून, नाटकांतून आणि आजीच्या गोष्टींतून आला. तरीसुद्धा 'काका, मला वाचवा' हे तीन शब्द उच्चारले की कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे आपल्यापैकी कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यात ही हाक अजून ऐकू येते, असे आपण लहानपणी ऐकले आणि पुढे आपल्याच मुलांना सांगितले. आता तर पछाडलेल्या वास्तूंच्या कोणत्याही यादीत शनिवारवाड्याचे नाव वरच असते.

प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी करावयाची आहे. भूत आहे की नाही, एवढाच प्रश्न असता तर चार ओळींत काम संपले असते. पण ही कथा ज्या रूपाने आपल्यापर्यंत आली, त्या रूपाने मूळ घटनेतले काही राखले आणि बरेच काही पुसून टाकले. जे पुसले गेले त्यात एका खुनाचा कालावधी आहे, आणखी काही माणसांचे मरण आहे, आणि एका स्त्रीच्या माथी कायमचा बसलेला आरोपही आहे. म्हणून हा विषय करमणुकीपुरता सोडून देता येत नाही.

आधी वास्तू पाहू. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी, तेही शनिवारीच, वास्तुशांत झाली. बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. पुढच्या पेशव्यांनी त्यात महाल, हौद, कारंजी आणि तटबंदी यांची भर घातली. नऊ बुरूज आणि पाच दरवाजे यांनी वेढलेला हा वाडा म्हणजे नुसते राहते घर नव्हते. मराठी राज्याचा कारभार तिथून चालत असे. मसलती, फडाचे हिशेब, वकिलांच्या भेटी, लग्ने, मुंजी, गणपती, सारे त्याच आवारात होई. हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढची घटना किती माणसांच्या देखत घडली असेल, याची कल्पना येते.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १७५५ चा, म्हणजे तेव्हा ते अवघे १७ वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव, ज्यांना आपण राघोबादादा म्हणतो, हे अटकेपर्यंतच्या मोहिमेमुळे नावाजलेले सेनापती होते. पण पेशवेपद आपल्याला मिळावे, ही त्यांची जुनी आकांक्षा. माधवरावांशी त्यांचे युद्ध झाले होते. १७६८ साली धोडप येथे हार पत्करल्यावर त्यांना याच शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले गेले. माधवरावांच्या अखेरच्या दिवसांत समेट झाला, तो टिकला नाही. १७७३ साली नारायणरावांनी काकांना पुन्हा वाड्यातच कैद केले. पुतण्या एका महालात राज्य करीत होता आणि काका त्याच छपराखाली पहाऱ्यात होते.

खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. शके १६९५, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवशी होती, पौर्णिमा त्यानंतर. म्हणजे ज्या पौर्णिमेशी दंतकथेने ही हाक बांधली आहे, त्या पौर्णिमेला नारायणराव हयातच नव्हते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की खून रात्री झालाच नाही. दुपारी, जेवणानंतर विश्रांतीच्या वेळी झाला. वाड्याच्या पहाऱ्यावरचे गारदी थकलेल्या पगाराची ओरड करीत आत घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद युसूफ हे त्यांचे म्होरके. रघुनाथरावांचा खिजमतगार तुळाजी पवार त्यांना सामील होता.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या दिवसाचे वर्णन केले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे वाड्यात काही गडबड शिजत असल्याचा संशय नारायणरावांना सकाळीच आला होता. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करावयास सांगितले. हरिपंत मात्र एका स्नेह्याकडे जेवावयास गेले. गारदी चालून आले तेव्हा नारायणराव धावत काकांच्या दालनात गेले, त्यांना मिठी मारली आणि जीव वाचवण्याची याचना केली. रघुनाथरावांनी गारद्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला, पण इतके पुढे आल्यावर सुमेरसिंग मागे फिरावयास तयार नव्हता. रघुनाथराव मिठी सोडवून गच्चीवर निसटले. पुतण्या मागे जाऊ लागला तेव्हा तुळाजीने त्याचा पाय ओढला. चाफाजी टिळेकर हा सेवक नि:शस्त्र असूनही धन्याच्या अंगावर पडला. दोघेही तिथेच मारले गेले.

हाकेचा मूळ आधार तो हा. काकांकडे धाव घेतलेला १८ वर्षांचा मुलगा. ही याचना दंतकथेने जपली, हे खरे. पण चाफाजी टिळेकर दंतकथेतून गळाला. इच्छारामपंत ढेरेही त्या दिवशी मारले गेले, तेही गळाले. त्या दुपारी वाड्यात अनेकांचे प्राण गेले. त्यांत चाकरमाणसे होती, स्त्रियाही होत्या. त्यांच्यापैकी कोणाचीही हाक पौर्णिमेला ऐकू येत नाही. भूत होण्यासाठीसुद्धा पेशवा असावे लागते, असे दिसते.

आता दाव्याकडे वळू. आवाज ऐकल्याचे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते सारे खोटे बोलतात असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु काही साध्या गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली गोष्ट, नारायणरावांचा जीव गेला ती दालने आज अस्तित्वात नाहीत. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला मोठी आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. मजले, महाल, लाकडी कोरीवकाम सारे गेले. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. १९१९ साली वाडा संरक्षित स्मारक झाल्यावर उत्खननातून पायांच्या रेषा मोकळ्या झाल्या. आज आपण पाहतो ती बाग आणि चौथरे आहेत.

दुसरी गोष्ट, वाडा संध्याकाळी बंद होतो याचा भुताशी काही संबंध नाही. संरक्षित स्मारके सर्वसाधारणपणे सूर्यास्ताच्या सुमारास बंदच होतात. आपला गोवळकोंडाही रात्री कोणी फिरण्यासाठी उघडा ठेवत नाही. तिसरी गोष्ट, वाड्याला लागून कसबा पेठ आहे. तटाबाहेर रात्री उशिरापर्यंत रहदारी असते, जवळून मुठा वाहते, तटाच्या कोनाड्यांत पाखरे आणि वाघळे असतात. अशा जागी आवाज होणारच. पण जो ऐकावयास जातो तो कोणते शब्द ऐकावयाचे हे आधीच ठरवून जातो. ही कथा ज्याला ठाऊक नाही अशा माणसाला तिथे हेच तीन शब्द ऐकू आले, तरच त्या साक्षीला वजन येईल.

चौथी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. खुनानंतर शनिवारवाडा ओस पडला नाही. त्याच वाड्यात नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव वाढला. त्याच वाड्यातल्या गणेश महालात १७९० साली इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासमोर भव्य दरबार भरला. त्याचे डॅनियलने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून खाली कोसळले आणि २७ तारखेला वारले. वय २१ वर्षांचे. तो अपघात होता की आत्मघात, याचा वाद आजही मिटलेला नाही. म्हणजे एकाच वाड्यात बाप आणि मुलगा असे दोन तरुण पेशवे अकाली गेले. मग मुलाचे भूत का नाही?

जिथे रक्त सांडले ती प्रत्येक जागा पछाडली जात नाही, हे दाखवण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आबिड्सपासून हाकेच्या अंतरावर कोठीची रेसिडेन्सी आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली तिच्यावर हल्ला झाला. पुढे तुर्रेबाझ खानाला मारून त्याचे प्रेत टांगले गेले. मौलवी अलाउद्दीनला काळ्या पाण्यावर पाठवले. कोठीच्या बसथांब्याजवळच्या स्मारकावरून आपण रोज जातो. तिथे काही ऐकू येते असे कोणी म्हणत नाही. उलट इंग्लंडात लंडनच्या मनोऱ्याची कथा आपल्या कथेसारखीच आहे. १४८३ साली १२ वर्षांचा राजा पाचवा एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ त्या किल्ल्यात ठेवले गेले आणि दिसेनासे झाले. गादीवर बसला त्यांचा काका, तिसरा रिचर्ड. १६७४ साली एका जिन्याखाली लहान मुलांची हाडे सापडली. काकाने मारले की आणखी कोणी, हा वाद अजून चालू आहे. त्या मुलांची भुते मनोऱ्यात दिसतात, अशी तिथेही दंतकथा आहे.

दोन्हीकडे समान काय आहे, ते पाहा. रक्षण करणे ज्याचे कर्तव्य त्याच्याकडेच संशयाची सुई वळते, आणि त्या संशयाचा निकाल सर्वमान्य न्यायासनासमोर लागत नाही. भुताची कथा उभी राहते ती रक्तावर नव्हे, न लागलेल्या निकालावर. सवाई माधवरावांच्या मृत्यूत शोक होता, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे कोणी नव्हते. तुर्रेबाझ खानाला कोणी मारले हे सर्वांनाच ठाऊक होते. नारायणरावांच्या बाबतीत मात्र चौकशी झाली, दोष ठरला, आणि दोषी माणूस मसनदीवर बसून राहिला.

ती चौकशी रामशास्त्री प्रभुण्यांची. डफ सांगतो त्याप्रमाणे रघुनाथरावांनी कबूल केले, की आपण पुतण्याला धरण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नव्हे. हुकमाच्या कागदात 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाल्याचे आढळले. हा बदल आनंदीबाईंनी, म्हणजे रघुनाथरावांच्या पत्नीने केला, असा समज पसरला. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. आपल्या बोलण्यातला 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार तिथून आला. आजही कार्यालयातल्या कागदात कोणी हातचलाखी केली की हैदराबादच्या मराठी घरातसुद्धा हेच शब्द तोंडी येतात.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा आणि वकिलाच्या नजरेने पाहा. आपल्या घरांत वकिलांची वाण कधी नव्हती. 'धरावे' असा हुकूम जरी धरला, तरी तो कोणी दिला? नजरकैदेतल्या माणसाने, भाडोत्री हत्यारबंद लोकांना, राज्य करीत असलेल्या पेशव्याविरुद्ध. तो स्वत:च एक मोठा अपराध आहे. गादी काबीज करण्यासाठी धरलेला तरुण पेशवा पुढे किती दिवस सुखरूप राहिला असता, हा प्रश्न वेगळाच. कागदातले एक अक्षर बदलले गेल्याच्या गोष्टीने नेमके हेच झाकले. रघुनाथराव दुबळे, फसवले गेलेले काका झाले. सारा अपराध एका अक्षरात आणि ते अक्षर एका बाईच्या हातात आले.

त्या बाईविरुद्ध पुरावा काय? ज्या कागदात अक्षर बदलले तो मूळ कागद आज आपल्यापुढे नाही. बदल करताना आनंदीबाईंना पाहिल्याची साक्ष नाही. डफही तो जनसमज म्हणूनच सांगतो, आणि त्याचे पुस्तक घटनेनंतर ५३ वर्षांनी छापले गेले. बदल झालाच असेल, तर तो करण्याची संधी आणि गरज इतरांनाही होती. कैद केलेला पेशवा सुटला तर गारद्यांची मान उडाली असती. मेलेला पेशवा त्यांना अधिक सोयीचा होता. आनंदीबाई निर्दोष होत्या, असे सिद्ध करण्याचा हा प्रयत्न नव्हे. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, कारस्थानात त्यांचा वाटा असणे शक्य आहे. पण शक्यता म्हणजे शाबिती नव्हे. रामशास्त्र्यांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने एवढा विवेक तरी राखावयास हवा.

तो राखला गेला नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ साली रंगभूमीवर आले, 'रामशास्त्री' हा प्रभातचा चित्रपट १९४४ साली. या कलाकृतींनी रामशास्त्री घरोघरी पोचवले, हे त्यांचे ऋण आहेच. त्याचबरोबर आनंदीबाईंची एक ठरीव मूर्तीही घरोघरी पोचली. घरात एखादी सून किंवा जाऊ जरा ठामपणे बोलली की तिला 'आनंदीबाई' म्हणण्याची पद्धत आपल्याकडे होती, आणि अजून पुरती गेलेली नाही. राघोबादादा हे नाव मात्र कोणाला शिवी म्हणून दिलेले ऐकिवात नाही. १७९४ साली आनंदवल्लीला मरण पावलेल्या त्या स्त्रीवरचा खटला कधी चाललाच नाही. शिक्षा मात्र सव्वादोनशे वर्षे चालू आहे.

खुनाचा परिणाम पुण्यापुरता राहिला नाही, आणि आपल्या हैदराबादशी त्याचा धागा थेट जुळतो. पेशवाईची वस्त्रे मिळवून रघुनाथराव निघाले ते निजाम अलीवर. बिदरजवळ निजामाला कोंडीत धरून त्यांनी वीस लाखांचा मुलूख कबूल करून घेतला, आणि निजाम अलीने गोड बोलून तो परत मिळवला, असे इतिहासकार सांगतात. त्यांची पाठ वळताच पुण्यात बारभाईंनी कारभार हाती घेतला आणि निजामाशी संधान बांधले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि रघुनाथरावांचा हक्क संपला. मग ते इंग्रजांकडे गेले. ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह, त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध, १७८२ चा सालबाईचा तह. इंग्रजांचे पाऊल पुण्याच्या राजकारणात पडले ते या घरगुती खुनाच्या उंबरठ्यावरून. आपले कित्येक पूर्वज त्या काळी निजामाच्या चाकरीत होते, कित्येक पेशव्यांच्या. त्या एका दुपारचे पडसाद दोन्ही बाजूंच्या घरांत उमटले.

आणि एक आख्यायिका. रघुनाथराव आणि आनंदीबाई यांचा मुलगा दुसरा बाजीराव पुढे पेशवा झाला आणि त्याच वाड्यात राहिला. नारायणरावांचे भूत त्याला छळत असे, आणि त्याच्या शांतीसाठी त्याने पुण्याभोवती आंब्याची असंख्य झाडे लावली व दानधर्म केला, असे सांगतात. आख्यायिकेला पुराव्याचे मोल देता येत नाही. पण तिचा अर्थ आजच्या कथेहून अधिक शहाणपणाचा आहे. त्या कथेतले भूत वाटेल त्याला हाका मारीत नाही. ज्याला त्या खुनाचे फळ मिळाले त्याच्याच दाराशी ते उभे राहते. जुन्या लोकांनी भुतालासुद्धा हिशेब शिकवला होता. आजच्या कथेतून तो हिशेब गेला आणि नुसती भीती उरली.

तेव्हा नातवंडांनी विचारले तर काय सांगावे? शनिवारवाड्यात भूत असल्याला पुरावा नाही, हे तर सांगावेच. पण तेवढ्यावर थांबू नये. भूत नाही म्हणून गोष्टही नाही, असे मुलांना वाटले तर आपण दुसरी चूक केली. त्यांना सांगावे, की तिथे भरदुपारी, उजेडात, पुष्कळांच्या देखत एक १८ वर्षांचा मुलगा मारला गेला. ज्याने बंदोबस्त करावयाचा तो जेवावयास गेला होता. चाफाजी टिळेकर नावाचा एक चाकर पळून जाऊ शकला असता, तो गेला नाही. एका न्यायाधीशाने राज्यकर्त्याला तोंडावर दोषी म्हटले. आणि जिच्यावर आरोप सिद्ध झाला नाही, तिला आपण सर्वांनी मिळून शिक्षा दिली. पुण्याला गेलात तर दिल्ली दरवाजा पाहून परतू नका. ज्या दरवाजातून नारायणरावांचे शव बाहेर नेले असे सांगतात, तो नारायण दरवाजाही पाहा. दिवसा पाहा. जे घडले ते दिवसाच घडले होते.